एक तारीख, सोळा तारीख

“पोरी, आजचा दर काय?”

मी कॉम्प्युटरमधून मान वर केली. काचेचं दार अर्धं उघडं धरून एक म्हातारा उभा होता. खाली पांढरा पायजमा, वर खाकी शर्ट. शर्टाच्या खिशावर कधीकाळी काहीतरी विणलेलं असणार. ते कुणीतरी नीट उसवून काढलं होतं, पण टाक्यांची भोकं राहिली होती. चपला त्यानं दाराबाहेरच काढल्या होत्या.

“कशाचा दर, मामा?”

“विमानाचा.”

कराडच्या स्टँडसमोर दिवटे साहेबांचं तिकिटांचं ऑफिस होतं. रेल्वे, लक्झरी, विमान, सगळं. मला तिथं लागून जेमतेम चार महिने झाले होते आणि विमानतळ मी बाहेरूनसुद्धा पाहिला नव्हता. तरी मंडईत कोथिंबिरीचा भाव विचारावा तसा विमानाचा दर विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहत होते. मला हसू आलं.

“तसा एक दर नसतो, मामा. कुठं जायचं, कधी जायचं, त्यावर असतं.”

“अंदमान. पोर्ट ब्लेअर. डिसेंबरच्या सुरवातीला पोचलं पायजे.” मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्यांनी विचारलं, “काल रातीपास्नं पेट्रोल उतरलंय, ठाव हाय न्हवं? म्हनून आलो. म्हटलं, विमानबी उतरलं आसंल.”

त्यांचं नाव हणमंत लोहार. हायवेच्या पेट्रोल पंपावर अडतीस वर्षं नळी हातात धरून उभं राहून नुकतेच रिटायर झालेले. त्या काळी पेट्रोलचा दर महिन्यातून दोनदा बदलायचा, एक तारखेला आणि सोळा तारखेला. त्या दिवशी सोळा ऑक्टोबर होती. जगातली तेलावर चालणारी प्रत्येक गोष्ट याच दोन तारखांना स्वस्त किंवा महाग होते, असा मामांचा पक्का समज होता. त्या वर्षी तेलाचे भाव जगभर कोसळत होते, त्यामुळे मामा खुशीत होते.

“कोण असतं तिकडं?” मी विचारलं.

“लेक. सुवर्णा. जावई बंदरावर क्रेन चालवतो. नऊ वर्सांनी दिवस गेल्यात तिला.” ‘नऊ’ म्हणताना त्यांनी आवाज खाली घेतला. “जानेवारीची तारीख दिलीया. डॉक्टरनं प्रवास बंद केलाय. पयलं बाळंतपण म्हायेरी आसतं. आता तिला म्हायेरी आनता येत न्हाई, तर म्हायेर तिकडं न्यायला नको?”

“मग मामी जाणार?”

“ती जाऊन तीन वर्सं झाली. मीच जानार.”

माझा चेहरा बघून ते हसले. म्हणाले, शेजारच्या कुसूमकडून सगळं शिकून घेतलंय. डिंकाचे लाडू जमतात, अळिवाची खीर जमते, शेक कसा द्यायचा तेही कळलंय. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायची तेवढी धास्ती वाटते, म्हणून कुसूमच्या पोरीची बाहुली घेऊन सराव चाललाय.

“सव्वा म्हैना ऱ्हायचं आन् परत यायचं. लेकीच्या दारात बापानं जास्त दिस बसू नये.”

मी आकडा बघितला. पावणेदहा हजार. मामांनी आकडा ऐकून मान हलवली. त्यांच्याकडे तेवढे पैसे होते, खिशातच होते. आणि तेव्हा मी, चार महिन्यांची जाणकार, टेबलावरचं वर्तमानपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. तेल स्वस्त, आता विमानप्रवासही स्वस्त होणार, अशी ठळक बातमी होती.

“थांबा की थोडं, मामा,” मी म्हणाले. “उतरेल.”

“उतरनारच,” ते उठत म्हणाले. “तेल उतरलं की उतरतंयच. एक तारखंला येतो.”

एक नोव्हेंबरला ते आले. पेट्रोल पुन्हा उतरलं होतं. तिकीट अकरा हजारांवर गेलं होतं.

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मला स्क्रीन त्यांच्याकडे वळवायला लावला. आकडा तोच होता. अडतीस वर्षं मीटर वाचलेला माणूस, आकड्याशी भांडत नाही. पण त्यांना पटेना. शेवटी दिवटे साहेब आतल्या केबिनमधून बाहेर आले. साहेब तसे खडूस. ‘गिऱ्हाइकाला दर चुकीचा सांगायचा नाही, वरचा नाही आणि खालचाही नाही,’ हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“मामा, तेल म्हणजे तिकिटातला एक वाटा,” साहेब म्हणाले. “विमान भाड्यानं आणलेलं असतं, त्याचं भाडं कमी होत नाही. पायलटचा पगार, विमानतळाचे पैसे, ते कमी होत नाहीत. काहींनी तेल आधीच चढ्या भावानं बोलून ठेवलेलं असतं. मागच्या दोन-तीन वर्षांचा तोटा आहे, तो आता भरून काढायचा असतो. आणि हे सगळं सोडा. विमान भरून चाललंय. भरून चाललेल्या गाडीचं तिकीट कोण कमी करतं?”

“आमी करायचो की,” मामा म्हणाले. “टाकीत म्हागाचं तेल भरलेलं आसायचं. सकाळी दर उतरला की मालक शिव्या घालत घालत उतरल्या दरानं इकायचा.”

“तुमच्या मालकाला दर वरून फोनवर यायचा. यांना दर गिऱ्हाईक ठरवून देतं. अंदमानला रेल्वे नाही, एसटी नाही. बोटीला तीन-चार दिवस, तीही मिळेल तेव्हा. ज्याला जायचंच आहे तो देणारच, हे त्यांना पक्कं माहीत असतं.”

मामांनी स्क्रीनवरच्या आकड्याकडे पुन्हा बघितलं. “म्हंजे मानसाला किती ओढ हाय, तेवढा दर,” ते म्हणाले.

“तसंच समजा.”

“ह्ये काय बरोबर न्हाई, सायेब.”

साहेबांनी चहा मागवला. चहा पिता पिता मामांनी पंपावरच्या गमती सांगितल्या. दर चढणार अशी कुणकुण लागली की आदल्या संध्याकाळी रांग पार हायवेला टेकायची. उतरणार असला की शुकशुकाट. बुलेटवाले, ट्रॅक्टरवाले सगळे उद्याची वाट बघणार. ढकलत आणलेल्या मोटरसायकलीतसुद्धा अर्धाच लिटर घालून घेणार.

“निस्ती ॲम्ब्युलन्स यायची त्या टायमाला,” मामा म्हणाले. “कृष्णा नावाचा ड्रायव्हर हुता. कदी दर इचारला न्हाई गड्यानं. खिडकीतनं हात भाईर काडायचा आन् म्हनायचा, फुल कर.”

मग कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता ते पुढचं बोलले. सुवर्णा जन्मली त्या संध्याकाळी मामा पंपावर होते. दुसऱ्या दिवशी दर चढणार होता, रांग लागली होती, मालकानं सोडलं नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा पोरगी अर्ध्या दिवसाची झाली होती. मामी त्यावर आयुष्यभर एक शब्द बोलली नाही, तेच त्यांना जास्त लागलं होतं. “म्हनून आवंदा पोरीला सांगिटलंय. तुला आत न्हेतील तवा मी दाराशी उभा आसनार. आईच्या जागी.”

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, मामा, आत्ता काढा. अकरा तर अकरा. पण साहेबांचं बोलणं मला कळलं असलं तरी पटलं नव्हतं, आणि पेपर अजून ‘उतरणार, उतरणार’ म्हणतच होता. माझंच तोंड होतं ना, ‘थांबा’ म्हणालेलं. ते खरं ठरावं असं मलाही वाटत होतं. मी म्हणाले, “बघू, सोळाला.”

सोळा नोव्हेंबरला पेट्रोल उतरलं, तिकीट साडेबारा झालं. एक डिसेंबरला पेट्रोल आणखी उतरलं. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या होत्या, हनिमूनची जोडपी, सहली, सगळ्यांना समुद्र बघायचा होता. तिकीट पंधरा झालं. मी आकडा सांगताना खाली बघत होते.

“मामा, आता काढूनच टाका,” मी म्हणाले. “अजून वाढेल.”

पण आता मामा इरेला पेटले होते. “न्हाई. किती दिस उलटं चालंल? सोळाला बग तू. उतरतंयच. बाळंतपनाला अजून म्हैना हाय.” जाताना दारातून वळून म्हणाले, “बाहुलीची अंघोळ जमाय लागली बरं का. डोळ्यात साबन जात न्हाई आता.”

नऊ डिसेंबरला दुपारी दार धाडकन उघडलं. ना एक तारीख होती ना सोळा. मामा आत आले ते चपलांसकट. हातात कापडी पिशवी, शर्टाचं वरचं बटण उघडं.

“मामा, आज कसे?”

“दर नको सांगू,” ते म्हणाले. “फुल कर.”

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि मी कीबोर्ड पुढे ओढला.

सुवर्णाला सकाळी दवाखान्यात भरती केलं होतं. महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या. औषध देऊन थांबवायचं बघतायत, पण कधीही होईल, असं जावयानं फोनवर सांगितलं होतं. मी उद्याचं बघितलं. पुण्याहून एकही जागा नव्हती. साहेब बाहेर आले, त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. मुंबईहून बघितलं, कोलकात्याहून बघितलं, दोन ओळखीच्यांना फोन लावले. उद्याचं काहीच नव्हतं. अकरा तारखेला सकाळी पुणे-चेन्नई आणि तिथून पुढे, एक जागा. एकोणीस हजार.

मामांनी आकडा ऐकलाच नाही. पिशवीतून पुडकं काढून टेबलावर ठेवलं. मोजायचं काम साहेबांनी केलं. तिकीट छापून होईपर्यंत मामा उभेच होते.

“परतीचं?” साहेबांनी सवयीनं विचारलं.

“परतीचं दर उतरल्यावर,” मामा म्हणाले. तशा परिस्थितीतही त्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू येऊन गेलं.

मी एका कागदावर त्यांना विमानतळाचा नकाशा काढून दिला. इथं पिशवी द्यायची, इथं तपासणी, चेन्नईला उतरल्यावर कुणाला विचारायचं. मी स्वतः न बघितलेल्या जागेचा तो नकाशा साहेबांनी दोन ठिकाणी गपचूप दुरुस्त केला. लाडवांचा डबा हातात नेता येईल का, एवढंच मामांनी विचारलं. येईल, मी म्हणाले. दाराबाहेर पडल्यावर त्यांचं पायांकडे लक्ष गेलं. ते परत आत डोकावले आणि म्हणाले, “चपला घालून आलो व्हय गं मी? माफ कर.”

सोळा डिसेंबरला सकाळी ऑफिसचा फोन वाजला. लाईन खरखरत होती.

“पोरी, आजचा दर काय?”

“मामा! सुवर्णाताई कशी आहे?”

“बरी हाय. मुलगी झाली. दोन किलोची हाय, काचंच्या पेटीत ठेवलीया, पन दूध वडाय लागली.” मग त्यांचा आवाज खाली आला. “धा तारखंला झाली. मी अकराला पोचलो.”

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

“पयल्या येळंला दर चढनार म्हनून चुकलो,” मामा म्हणाले. “आता उतरनार म्हनून.”

“मामा, मीच म्हणाले होते थांबा. माझ्यामुळं झालं.” मी रडत होते आणि साहेब काचेतून बघत होते याचंही मला काही वाटलं नाही.

“तुज्यामुळं काय? तू नसतं सांगिटलं तरी थांबलोच आसतो. अडतीस वर्सांची खोड हाय ती. रडू नगं. सुवर्णा काय म्हनली, सांगू? मी दारात गेलो तर पडल्या पडल्या हसली. म्हनली, आबा, आईच्या येळंपरमानंच आलात, मला वाटलंच हुतं. आन् लाडवाचा डबा मागून घेतला.”

त्यानंतर दर एक तारखेला आणि सोळा तारखेला मामांचा फोन येऊ लागला. सव्वा महिना जानेवारीत संपला. सीझन ऐन भरात होता, तिकीट खरोखरच चढलेलं होतं. मी खरं सांगितलं. “मग काय, ऱ्हावं लागतंय,” मामा म्हणायचे. बाळ पेटीतून बाहेर आलं होतं. नाव ठेवलं होतं अनू, मामीच्या अनुसया नावावरून. अंघोळ मामाच घालत होते.

सोळा फेब्रुवारीला मी ऑफिसात आल्या आल्या आकडा बघून ठेवला. उतरला होता. चांगला उतरला होता, पहिल्या दिवशीच्या पावणेदहाच्याही खाली. एवढे महिने ज्याची वाट बघितली तो आकडा समोर होता, आणि मला तो पुसून टाकावासा वाटला. फोन वाजला.

“पोरी, आजचा दर काय?” मागे बाळ रडत होतं. “थांब गं बाय, आजा फोनवर हाय. हां, बोल पोरी.”

केबिनचं दार उघडं होतं. साहेबांची शिस्त मला माहीत होती. वरचा नाही आणि खालचाही नाही.

“चढलाय, मामा,” मी म्हणाले.

पलीकडे बाळ गप्प झालं होतं, बहुधा मामांनी उचलून घेतल्यामुळं.

“तेल तर उतरलंय म्हनत्यात.”

“तेलाचं आणि विमानाचं काही खरं नसतं, मामा. साहेबांनी सांगितलं नव्हतं का?”

“आसं व्हय,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी सैल झालं. “मग ऱ्हातो आजून पंधरा दिस.”

फोन ठेवला आणि मी केबिनकडे बघितलं. साहेब चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते. मी बोलणी खायच्या तयारीनं उठले.

“पुढच्या वेळी जरा मोठ्यानं सांग,” साहेब म्हणाले. “तिकडं नीट ऐकू जात नाही.”

मी वर्षभर मोठ्यानं सांगितलं. उन्हाळ्यात चढलाय, पावसाळ्यात चढलाय. ऐन पावसात अंदमानला कुणी फिरकत नाही, तिकिटं पडून असतात. तेव्हाही माझ्याकडे दर चढलेलाच होता. अनू पालथी पडली, बसली, रांगली, हे सगळं मला एक आणि सोळा तारखेला कळत गेलं. नोव्हेंबरच्या फोनवर मामा म्हणाले, जावयाची आई राहायला येतीये. घर दोन खोल्यांचं. तिचा हक्क पहिला. तेव्हा मात्र त्यांनी दर विचारला नाही. जावयाकडूनच तिकीट काढून घेतलं आणि परत आले.

आले तरी ऑफिसकडे फिरकले नाहीत. कुसूमचा मुलगा एकदा स्टँडवर भेटला, म्हणाला, आबा दिवसभर ओट्यावर बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत.

सोळा डिसेंबरला सकाळी दार अर्धं उघडलं.

“पोरी, आजचा दर काय?”

तोच खाकी शर्ट, पण अंगावर ढिला झालेला. चपला बाहेर काढलेल्या. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

“सुवर्णाची सासू परत गावाला गेली परवा. तिला तिकडची हवा मानवंना,” ते म्हणाले. “अनू दारात बसून ऱ्हाती म्हनं. पावलं वाजली की आजा म्हनती. आज एक वरीस उलटून सा दिस झालं तिला.” मग जरा घुटमळून म्हणाले, “तुला एक सांगायचं हुतं. जावयाच्या मोबाईलवर समदं दर दिसत्यात. फेब्रुवारीतबी दिसत हुतं.”

माझा चेहरा लाल झाला. “मग तुम्ही मला फोन कशाला करत होता?”

“लेकीच्या घरात बापानं वरीसभर ऱ्हायाचं म्हंजे कायतरी कारन लागतंय का न्हाई?” मामा माझ्याकडे न बघता, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले. “फोन झाला की घरात सांगायचो, कराडची पोरगी म्हनती चढलाय. जावई म्हनायचा, मग ऱ्हावा की आबा. सुवर्णा नुसती हसायची. समद्यांला ठाव हुतं. पन कुनीतरी म्हनाय पायजे न्हवं.”

मला त्यांच्याकडे बघवेना. मी स्क्रीनकडे बघितलं. पेट्रोल रात्रीच उतरलं होतं, बाहेर सकाळच्या पेपरात होतं. आणि समोर, नाताळच्या तोंडावर, पोर्ट ब्लेअरचं तिकीट वीस हजारांच्या वर गेलं होतं. सहा आठवडे थांबले असते तर अर्ध्यात मिळालं असतं.

“उतरलाय, मामा,” मी मोठ्यानं म्हणाले. केबिनपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “एकदम उतरलाय.”

मामा पुढे झुकले. स्क्रीन त्यांच्याकडे अर्धा वळलेलाच होता. अडतीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसानं तो आकडा डावीकडून उजवीकडे सावकाश वाचला. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“बघ,” ते म्हणाले, “म्हनलं न्हवतं तुला? तेल उतरलं की उतरतंयच.”

आणि पिशवीतून पुडकं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. परतीचं मी विचारलं नाही.